रॉकीची मागच्या पायांची चाकगाडी : आठ महिन्यांच्या वापरानंतर

मागील वर्षी दिवाळी संपून थंडी पडू लागली, तेव्हा बेळगावजवळच्या येळ्ळूर गावातील आमच्या घरातील शहाबादी फरशीवर एक नवाच आवाज रोज ऐकू येऊ लागला. तेव्हा नऊ वर्षांचा असलेला आमचा जर्मन शेफर्ड रॉकी अंगणातून स्वयंपाकघराकडे येताना दर तिसऱ्या-चौथ्या पावलाला काहीतरी ‘खर्र’ घासत असे. त्याचा मागचा उजवा पंजा हातात घेऊन पाहिला, तर मधल्या दोन बोटांची नखे वरच्या बाजूने झिजून सपाट झाली होती आणि एका नखाच्या मुळाशी रक्ताचा बारीक ठिपका होता. पुढच्या पायांची नखे मात्र नेहमीसारखीच होती. ज्यांच्या घरी वय झालेला मोठ्या जातीचा कुत्रा आहे, त्यांनी चाकगाडीविषयी वाचण्याआधी उठून त्याच्या मागच्या पायांची नखे पाहावीत, अशी माझी विनंती आहे.

आम्ही स्वतः ही खूण पाहूनही तीन महिने गमावले. शेजारीपाजारी म्हणाले, वय झाले, थंडीचा वात आहे. पहिल्या दवाखान्यातही पंजा न तपासता खुब्याचा त्रास ठरवून तीन आठवडे वेदनाशामक गोळ्या देण्यात आल्या. त्यांचा काडीचाही उपयोग झाला नाही, कारण रॉकीला मुळात दुखतच नव्हते. खुबा दुखणारा कुत्रा उठताना कण्हतो, दुखऱ्या जागी हात लावू देत नाही आणि पाय आखडता टाकतो. रॉकी आनंदाने उठत असे, फक्त त्याचे मागचे पाय दारू प्यायलेल्या माणसासारखे एकमेकांत अडकत आणि वळताना कंबर एका बाजूला झुकत असे.

दुसऱ्या डॉक्टरांनी जी तपासणी केली ती अगदी साधी होती. रॉकीला उभे करून, पोटाखाली हाताचा आधार देऊन, त्यांनी मागचा पंजा उलटा करून त्याची वरची बाजू जमिनीला टेकवली. निरोगी कुत्रा पंजा त्याच क्षणी सरळ करतो. रॉकीचा डावा पंजा थोड्या विलंबाने सरळ झाला. उजवा मात्र मी मनात सात आकडे मोजेपर्यंत तसाच उलटा राहिला, आणि तो आपला माझ्याकडे पाहत शेपटी हलवत होता. पाय कुठे आहे हे मेंदूपर्यंत पोहोचतच नाही, याचा अर्थ दोष सांध्यात नाही, मज्जारज्जूत आहे, असे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा मला प्रथमच नीट कळले.

या आजाराला डीजनरेटिव्ह मायलोपॅथी म्हणतात. पाठीच्या मधल्या भागात मज्जारज्जूतील तंतू हळूहळू झिजत जातात आणि त्यांच्यावरचे आवरणही नष्ट होते. साधारणपणे आठ वर्षांनंतर लक्षणे दिसू लागतात आणि जर्मन शेफर्ड, बॉक्सर, कॉर्गी या जातींत हा आजार विशेष आढळतो. त्याचे वर्णन १९७३ साली झाले आणि २००९ साली त्याचा संबंध एसओडी-१ या जनुकातील दोषाशी असल्याचे दाखवण्यात आले; माणसांमधील एएलएस या, स्नायूंवरचा ताबा हळूहळू जात जाणाऱ्या आजाराच्या काही रुग्णांतही हेच जनुक सदोष असते. आईकडून आणि वडिलांकडून अशा दोन्ही प्रती सदोष आलेल्या कुत्र्याला धोका जास्त असतो, पण असा प्रत्येक कुत्रा आजारी पडतोच असे नाही. म्हणून जनुकीय चाचणीचा अहवाल हाती आला म्हणजे निदान झाले असे समजू नये. खात्रीचे निदान मृत्यूनंतर मज्जारज्जूच्या तपासणीतूनच होते. जिवंतपणी बाकीची कारणे एकेक करून वगळावी लागतात.

या वगळण्याच्या कामात कंटाळा करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. बेळगावात क्ष-किरण आणि रक्त तपासणी झाली, तरी मज्जारज्जू क्ष-किरणात दिसत नाही, म्हणून आम्ही रॉकीला एमआरआयसाठी पुण्याला नेले. भूल आणि प्रवास या दोन्हींची धास्ती होती, खर्चही आमच्या आवाक्याच्या काठावर होता. पण मणक्यांमधील चकती सरकली असेल किंवा गाठ असेल तर उपचाराची दिशाच बदलते. विशेषतः कुत्र्याची पाठ दुखत असेल, किंवा काल चालणारा कुत्रा आज सकाळी मागच्या पायांवर उभाच राहत नसेल, तर तो बहुधा हा आजार नव्हे. तेथे चकतीचा संशय धरून त्याच दिवशी डॉक्टरांकडे धावावे, कारण शस्त्रक्रियेला उशीर झाला तर पायांतील संवेदना कायमची जाऊ शकते. आणि माणसांच्या वेदनाशामक गोळ्या घरातल्या डब्यातून काढून कुत्र्याला कधीही देऊ नयेत. आयब्युप्रोफेन त्यांच्या पोटाला आणि मूत्रपिंडांना घातक ठरते.

या आजारावर औषध नाही. जीवनसत्त्वे आणि इतर पूरक गोळ्या अनेक जण सुचवतात, पण त्यांनी आजार थांबतो असे सिद्ध झालेले नाही. ज्या एका गोष्टीबाबत निदान थोडा तरी आधार आहे, ती म्हणजे रोजचा व्यायाम. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या २२ कुत्र्यांच्या अभ्यासात नियमित आणि भरपूर फिजिओथेरपी मिळालेले कुत्रे सरासरी २५५ दिवस जगले, मध्यम प्रमाणात मिळालेले १३०, तर अजिबात न मिळालेले ५५ दिवस. अभ्यास लहान होता आणि कोणत्या कुत्र्याला किती व्यायाम मिळाला हे मालकाच्या कष्टांवर ठरले होते, त्यामुळे हे आकडे शब्दशः घेऊ नयेत. तरीही मी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले, आणि कंटाळा आला की ते पान उघडतो.

आमचा रोजचा क्रम असा आहे : सकाळी प्रत्येक मागचा पाय हातात धरून सायकल चालवल्यासारखा पंधरा वेळा फिरवायचा, मग पोटाखाली पट्टा धरून त्याला दोन-तीन मिनिटे सरळ उभे करायचे आणि कंबर हलकेच डावीकडे-उजवीकडे झुलवून वजन एका पायावरून दुसऱ्यावर घ्यायला लावायचे. घरातील सगळ्या वाटेवर जुन्या सतरंज्या आणि रबरी पायपुसणी टाकली आहेत, कारण गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय फाकत होते. त्याचे वजन ३६ किलोंवरून ३२ किलोंवर आणले. दूध-भाकरी कमी करताना आईला वाईट वाटले, पण उचलणाऱ्याच्या पाठीला आणि उचलल्या जाणाऱ्याच्या पुढच्या पायांना त्या चार किलोंनी फार फरक पडला.

चाकगाडी आम्ही एप्रिलमध्ये ऑनलाइन मागवली, तेव्हा तो अजून आधाराने चालत होता. काही जण म्हणाले, इतक्यात कशाला, आळशी होईल. माझा अनुभव नेमका उलटा आहे. पायांत थोडी शक्ती असताना गाडी आली, त्यामुळे पंजे जमिनीला टेकवूनच तो ती ओढायला शिकला आणि त्याचे स्नायू निदान काही महिने कामात राहिले. पूर्ण बसकण मारल्यानंतर गाडी आणणे म्हणजे कुत्र्याला एकाच वेळी दोन धक्के देणे आहे.

अॅल्युमिनियमची चौकट, बारा इंची चाके, पुढे छातीचा पट्टा आणि मागे मांड्यांसाठी दोन गोल कड्या, असा तो सांगाडा आहे. मापे घेताना मी एक चूक केली : उंची मोजताना रॉकी झुकलेला होता, त्यामुळे गाडी जवळजवळ दीड इंच खाली बसली आणि पाठ मागे उतरती झाली. कुत्र्याला दोघांनी धरून, पाठ जमिनीला समांतर ठेवूनच माप घ्यावे. चाकांचा आस खुब्याच्या बराच मागे असेल तर सगळा भार पुढच्या पायांवर येतो. रॉकी पाच मिनिटांत धापा टाकू लागला तेव्हा हे उमगले, आणि आस पुढे सरकवल्यावर तो पंधरा मिनिटे चालू लागला.

गाडीचा खरा दोष चाकांत निघाला. दुसऱ्या महिन्यात उजवे चाक डुगडुगू लागले. विक्रेत्याने दोन निरोपांना उत्तरच दिले नाही. आमच्या भागाचे भाग्य असे की उद्यमबाग ही औद्योगिक वसाहत जवळ आहे. तेथे यंत्रभाग करून देणाऱ्या एका ओळखीच्या कारागिराने चाक काढून बोटाने फिरवून पाहिले आणि म्हणाला, ‘सर, टायरला काय दोष नाही. आत प्लॅस्टिकचं बुश घातलंय की, ते झिजलंय. बेअरिंग घालून देतो, बघा फरक.’ दोन्ही चाकांना बेअरिंग बसवून त्याने मांडीच्या कड्यांवर जाड मऊ फोमही चढवून दिला, आणि मजुरी घ्यायला शेवटपर्यंत तयार नव्हता. त्यानंतर सहा महिने चाकांना हात लावावा लागलेला नाही.

तो फोम आधीच हवा होता. पहिल्या पंधरवड्यातच जांघेत तांबडा चट्टा उठला. तेव्हापासून प्रत्येक फेरीनंतर कड्यांखालचे केस बाजूला करून मी कातडी पाहतो. गाडीत कुत्र्याला बसता किंवा आडवे होता येत नाही, म्हणून एका वेळी पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून तीनदा, आणि कोणीतरी सोबत असतानाच, हा नियम आम्ही मोडलेला नाही. उतारावर गाडी मागून ढकलते, म्हणून राजहंसगडाकडचा चढ सोडून सपाट वाटच धरतो.

पावसाळ्यात मात्र आमची परीक्षा झाली. शिवारातली चिकट माती चाकांच्या आऱ्यांत आणि पंजांच्या फटींत भरायची, आणि पंजे वाचावेत म्हणून घातलेले मोजे भिजून बोटांमध्ये बुरशी झाली. मोजे बंद करून, घासणारे पंजे गाडीच्या मागच्या दोऱ्यांत अडकवून वर धरले आणि घरी आल्यावर कोरडे पुसून घेतले, तेव्हा ती बरी झाली. सप्टेंबरपासून लघवीवरचा ताबाही गेला. गाडीत उभा असताना त्याला लघवी सोपी जाते हा गाडीचा मोठाच फायदा, पण उरलेली लघवी पोट दाबून काढायला मी डॉक्टरांकडून हाताने शिकून घेतले. हे वाचून करू नये, पाहूनच शिकावे. रात्री जाड गादीवर दर चार तासांनी कूस बदलतो. तरीही घोट्यावर एक जखम झालीच, आणि ती भरायला एक महिना लागला.

दुरुस्तीसह गाडीला बारा हजार रुपयांपर्यंत खर्च आला, आणि तो वाया गेला असे मला एकदाही वाटले नाही. ती आजार थांबवत नाही. लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण सहा महिने ते वर्षभरात मोठ्या कुत्र्याचे मागचे पाय जातात, हे गाडीने टळत नाही, फक्त त्या काळात त्याला वेशीपर्यंत जाऊन प्रत्येक खांबाचा वास घेता येतो. रॉकीला हा वास घेणे जेवणापेक्षाही प्रिय आहे.

गेल्या पंधरा दिवसांत त्याचा पुढचा डावा पाय चढावर अडखळू लागला आहे. चार चाकांची गाडी मिळते, पण ती घ्यायची नाही असे घरात सर्वांनी बसून ठरवले. पुढचे पाय गेल्यावर श्वासही जड होऊ शकतो, आणि तोपर्यंत वाट न पाहता त्याला शांतपणे निरोप द्यायचा, हे डॉक्टरांशी बोलून झाले आहे. सध्या छातीचा पट्टा एक भोक सैल केला आहे, फेरी बारा मिनिटांवर आणली आहे, आणि सकाळी पट्ट्यांची बक्कल वाजली की तो अजून मान वर करून भुंकतो.