सात महिन्यांनंतर: रहस्यकथांचा ई-बुक संच आणि न दिसणारा नकाशा

जुन्या इंग्रजी रहस्यकथांचा हा संच सात महिने वापरतेय. सुटी पुस्तकं घेण्यापेक्षा स्वस्त पडला म्हणून घेतला. अक्षर छान, अनुक्रमणिका नीट, मुद्रणदोष क्वचितच. माझं घोडं अडलं नकाशांपाशी.

पहिलंच पुस्तक घ्या. अगाथा क्रिस्टीचं 1920 सालचं 'द मिस्टीरियस अफेअर अ‍ॅट स्टाइल्स'. एमिली इंगलथॉर्प पहाटे स्वतःच्या खोलीत झटके येऊन मरतात. खोलीला दारं तीन: एक पॅसेजमध्ये उघडणारं, एक नवऱ्याच्या खोलीत, एक सिंथियाच्या. कुठल्या दाराला आतून कडी होती, यावर गुप्तहेर पोआरोचा केवढा तपास चालतो! त्यासाठीच तर खोलीचा नकाशा छापलाय, दारांना ए, बी, सी अक्षरं देऊन. माझ्या रीडरवर तो पोस्टाच्या तिकिटाएवढा दिसतो. बोटांनी मोठा करायला गेलं की पान उलटतं. बी कुठलं, सी कुठलं, कळत नाही. अहो, तो नकाशा म्हणजे पुरावा आहे! तोच दिसला नाही तर वाचकाने डोकं चालवायचं कशावर?

ग्राहक सेवेला लिहिलं. "अक्षराचा आकार कमी करून पाहा." पुन्हा लिहिलं. "फाइल काढून परत डाउनलोड करा." केली. माझ्या खुणा, टिपणं सगळं गेलं आणि नकाशा होता तेवढाच राहिला. तिसऱ्या मेलला उत्तरच नाही. त्या रागात एक तारा दिला होता.

तो आज बदलतेय. शेवटी वही घेऊन, मजकुरावरून खोली मीच काढली. दारांशेजारी वेळाही लिहीत गेले आणि तिथेच थबकले. विष जिच्यातून गेल्याचा संशय, ती कॉफी रात्री आठच्या सुमाराची, झटके पहाटेचे. स्ट्रिक्नीन, म्हणजे ते विष, इतका वेळ थांबत नाही, तासाभरात परिणाम दिसायला लागतो. मग मधल्या वेळात ते होतं कुठे? पहिल्या महायुद्धात क्रिस्टीबाई इंग्लंडमधल्या टॉर्की गावच्या रुग्णालयात औषधं बनवून देत होत्या, त्यामुळे विषाचा हिशेब त्यांचा पक्का. उत्तर पुस्तकातच आहे, इथे फोडत नाही. छापील नकाशा समोर असता तर मी नुसत्या कड्याच बघत बसले असते.

तीन तारे. उरलेले दोन नकाशे दुरुस्त झाल्यावर. छापील प्रत असलेल्यांनी एवढं सांगा: एमिलीबाईंच्या खोलीतलं ते उलटलेलं टेबल पलंगाच्या कुठल्या बाजूला आहे? मी खिडकीकडे काढलंय.