परसातला पर्जन्यमापक : तीन पावसाळे वापरल्यानंतर

वाईत आमचं औषधांचं दुकान आहे आणि धोमच्या रस्त्याला थोडं रान. हळद आणि ऊस. दुकान नऊला उघडतं. त्याआधी, पावसाळ्याचे चार महिने, बरोबर साडेआठला मी छत्री घेऊन परसात जाते, पर्जन्यमापकाचं नरसाळं काढते, आतली नळी डोळ्यांसमोर धरते आणि आकडा वहीत लिहिते. हवामान खात्याची नोंदही सकाळी साडेआठचीच असते, म्हणून मीही तीच वेळ धरली. तीन पावसाळे एकही दिवस चुकला नाही. गावाला गेले तर शेजारच्या वहिनी नोंद ठेवतात.

हे उपकरण घ्यावं का, असं दुकानात येणारी बरीच माणसं विचारतात. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

मी घेतला तो चार इंची तोंडाचा, पारदर्शक प्लॅस्टिकचा. त्यावर कुठल्याच कंपनीचं नाव नाही. ऑनलाइन मागवला, चौदाशे पन्नास रुपयांना एक. दोन घेतले, एक धाकट्या बहिणीसाठी. रचना साधी आहे. वर नरसाळं, त्याखाली एक बारीक नळी आणि या सगळ्याभोवती मोठं नळकांडं. नळीचं क्षेत्रफळ तोंडाच्या दहावा हिस्सा ठेवलेलं आहे, त्यामुळे १ मिलिमीटर पाऊस नळीत १ सेंटिमीटर उंच दिसतो. सगळी करामत तेवढ्यात आहे. ०.२ मिलिमीटरची भुरभुरसुद्धा वाचता येते. नळी २५ मिलिमीटरला भरते आणि पुढचं पाणी बाहेरच्या नळकांड्यात उतरतं. मोठा पाऊस झाला की आधी नळी वाचून रिकामी करायची, मग बाहेरचं पाणी तिच्यात थोडं थोडं ओतून मोजायचं आणि बेरीज करायची. सगळं मिळून साधारण २८० मिलिमीटर मावतं. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता. तेवढ्याला हे नळकांडं तीनदा भरून वाहिलं असतं. तो आकडा मी कितीदा वाचला असेल, पण हे भांडं हातात घेतल्यावर तो पहिल्यांदा खरा वाटला.

आकडे बरोबर येतात का, हे आल्या दिवशीच तपासलं. औषधांचं दुकान असल्याचा इथे उपयोग झाला. तोंडाचा आतला व्यास पट्टीने १०.२ सेंटिमीटर भरला, म्हणजे क्षेत्रफळ जवळपास ८२ चौरस सेंटिमीटर. याचा अर्थ १० मिलिमीटर पाऊस म्हणजे ८२ मिलिलिटर पाणी. वीस मिलिलिटरची सिरिंज चार वेळा भरून आणि वर दोन मिलिलिटर घालून नळीत पाणी सोडलं. पाणी १० च्या रेषेच्या केसभर खाली थांबलं. १६३ मिलिलिटर घातलं तर बरोबर २० वर. एवढ्या किमतीत याहून जास्त अचूकपणा मी मागणार नाही. वाचताना एकच काळजी घ्यायची : पाणी नळीच्या कडेला जरा वर चढतं, तिकडे बघायचं नाही, मधला खोलगट भाग डोळ्यांच्या रेषेत आणून वाचायचा. कफ सिरपचं माप घेताना लोक हीच चूक करतात.

आता तक्रारी. पहिल्या पार्सलमध्ये एक नळी तडकलेली निघाली. विक्रेत्याने तीन वेळा फोटो मागितले, बदली नळी यायला अकरा दिवस गेले आणि त्यात मृग निम्मं सरलं. सोबतचे स्क्रू पहिल्याच श्रावणात गंजले. हार्डवेअरच्या दुकानातून स्टीलचे वीस रुपयांत आणले, ते अजून चकचकीत आहेत. सूचनापत्रात कुठे लावायचा याबद्दल एक ओळसुद्धा नाही, आणि खरी गोम तर तिथेच आहे.

मी आधी तो गच्चीच्या कठड्यावर लावला होता. उघडी जागा, वर काही नाही, मला वाटलं याहून चांगली कुठली. बहिणीचा अजून माझ्याकडेच होता, तो परसात ठेवून आठ दिवस दोन्हीकडची नोंद घेतली. गच्चीवर ६१ मिलिमीटर, परसात ६८. वारा कठड्यावर आपटून वर उसळतो आणि थेंब तोंडावरून पुढे उडून जातात. तेव्हापासून तो परसात, जमिनीपासून फूटभर उंच, मातीच्या जागेवर आहे. शहाबादी फरशीवर ठेवला तर तिच्यावरचे शिंतोडे आत जातात. झाडाच्या किंवा भिंतीच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर हवा. आमचं सीताफळ अडीच मीटर उंच आहे, म्हणून त्याच्यापासून पाच मीटर सोडले. नरसाळ्यात पानं, कोळिष्टकं, चिमण्यांची शिट हे सगळं येतं, ते रोज बोटाने पुसावं लागतं. एप्रिल-मेचं ऊन त्याला सोसत नाही, प्लॅस्टिक पिवळं पडायला लागलंय. आता उन्हाळ्यात आत ठेवते आणि दुपारी आभाळ भरून आलं, वळवाची चिन्हं दिसली की धावत जाऊन लावते. मागच्या मे महिन्यात गारा पडल्या तेव्हा निम्म्या नरसाळ्यातून टप्पा खाऊन बाहेर गेल्या. त्या दिवशीच्या आकड्यापुढे मी प्रश्नचिन्ह करून ठेवलंय.

बहीण पाचगणीला असते. पसरणीचा घाट चढून गेलं की बारा-तेरा किलोमीटर. तिनेही तिच्याकडे लावला आणि रोज साडेआठनंतर आमचा फोन सुरू झाला. "ताई, किती?" "सात. तुझा?" "अठ्ठेचाळीस!" असे दिवस जुलैत नेमाने येतात. लहानपणापासून माहीत होतं, वर पाऊस जास्त. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि माथ्यावर, महाबळेश्वरच्या अंगाला, बहुतेक सगळं ओतून मोकळे होतात. घाटाखाली उतरणारी हवा पुन्हा तापते, तिच्यातलं पाणी सुटत नाही. शाळेत मी हे पाठ करून पेपरात लिहिलं होतं. पण एकाच सकाळी, एकाच आभाळाखाली, दोन सख्ख्या बहिणींच्या हातात ७ आणि ४८ बघणं निराळंच. परतीच्या पावसात कधी उलटं होतं, तिच्याकडे दोन आणि माझ्याकडे एकोणतीस, तेव्हा ती फोनवर गप्पच होते.

आता ज्यासाठी मी हे खरं लिहायला बसले ते. आमचे अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांनी आयुष्यात पाऊस कधी मिलिमीटरमध्ये मोजला नाही. त्यांची मापं म्हणजे पागोळ्या लागल्या, ढेकळं विरघळली, चार बोटं ओल गेली, ओढ्याला गढूळ आलं. पावसाच्या दुसऱ्या दिवशी ते रानात जाऊन खुरप्याने माती उकरतात आणि कोरडी माती लागेपर्यंत बोटं उभी घालून ओल बघतात. पुनर्वसूला ते तरणा पाऊस म्हणतात, पुष्याला म्हातारा, हस्ताला हत्ती. हे यंत्र घरात आलं तेव्हा त्यांनी हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, "यात रानातलं काय कळणार गं?"

त्या प्रश्नासाठी मी वहीत तिसरा रकाना केला. तारीख, मिलिमीटर आणि अण्णांचं वाक्य. वर्षभरात त्याचा कोशच तयार झाला. पागोळ्या लागल्या म्हणजे आमच्या कौलांवरून दीड-दोन मिलिमीटर. ढेकळं विरघळली तेव्हा ३३. ओढ्याला गढूळ आलं तेव्हा ५२. मला वाटलं, जमलं, अण्णांची भाषा आकड्यांत उतरली.

मग दुसऱ्या वर्षी दोन नोंदी समोरासमोर आल्या. एक वळवाची : १८ मिलिमीटर, सगळा वीस-पंचवीस मिनिटांत, अण्णांचं वाक्य "दोन बोटं, बाकी वाहून गेलं". दुसरी आर्द्रातली : १८ मिलिमीटर, रात्रभर रिपरिप, अण्णांचं वाक्य "वीतभर ओल, आता चार दिवस बघायला नको". आकडा तोच. नळीत पाणी त्याच रेषेला होतं. पण वळवात कडक तापलेल्या जमिनीवरून ते पळालं आणि आर्द्रात ते मुरलं. पर्जन्यमापक किती पडला ते सांगतो, कसा पडला ते सांगत नाही. हा त्या वस्तूचा दोष नाही, तिचं काम तेवढंच आहे. पण हळदीला पाणी द्यायचं की नाही हे ठरवताना मला तिसरा रकाना आधी वाचावा लागतो, हे मी स्पष्ट सांगते. हे माप घ्याल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं वाक्यही लिहीत चला. ते विकत मिळत नाही.

आकड्याने मात्र एक गोष्ट अण्णांनाही दिली. महसूल मंडळात एका दिवसात ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. गेल्या सप्टेंबरात आमच्याकडे रात्रीत ७१ झाला, बांध फुटला, आणि मंडळाच्या मापकात तेवढा भरला नाही, कारण तो काही किलोमीटरवर दुसऱ्या गावात आहे. माझ्या वहीला सरकारदरबारी किंमत नाही, हे मला माहीत आहे. तरी अण्णा ती वही घेऊन पंचनाम्याच्या वेळी उभे राहिले आणि तारखेवर बोट ठेवून त्यांनी तो आकडा वाचून दाखवला. पन्नास वर्षं पाऊस अंगावर घेतलेल्या माणसाच्या हातात तो कागद होता, याचं मला फार बरं वाटलं.

कुठला घ्यावा? चाचणीनळीसारखे अरुंद तोंडाचे शे-दीडशे रुपयांत मिळतात, ते घेऊ नका, दोन थेंब इकडेतिकडे झाले तरी आकडा बदलतो. बॅटरीवर चालणारे इलेक्ट्रॉनिक माझ्या एका गिऱ्हाइकाकडे आहेत. ते आपोआप मोजतात, घरात बसून आकडा दिसतो, पण जोराच्या सरीत कमी दाखवतात असा त्याचा अनुभव आहे. आणि पैसेच घालायचे नसतील तर सरळ बाजूंची, वर-खाली सारख्या रुंदीची बरणी उघड्यावर ठेवा आणि आत पट्टी बुडवा. तोंड केवढंही असो, पाण्याची उंची तोच पाऊस. १ मिलिमीटर म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर, एवढं लक्षात ठेवलं की गच्चीवरून किती पाणी वाहून गेलं तेही काढता येतं. मुलांना एकदा हा हिशेब करायला लावा. आमच्या हजार चौरस फुटांच्या गच्चीवर त्या ७१ मिलिमीटरच्या रात्री साडेसहा हजार लिटर पडलं होतं. माझा मुलगा ते ऐकून गच्चीच्या पाइपाखाली पिंप लावायच्या मागे लागला, आणि आता ते लागलंय.

नळीवरच्या रेषा फार बारीक आहेत, ही शेवटची तक्रार. अण्णांना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही त्या दिसत नव्हत्या. म्हणून यंदा मी दर पाच मिलिमीटरला लाल नेलपॉलिशची आडवी रेघ ओढली. काल मला दुकानात लवकर जायचं होतं. साडेआठला फोन आला, मागे पागोळ्यांचा आवाज. "दोन लाल रेषा आणि वर दोन बोटं," अण्णा म्हणाले. "बोटं म्हणजे माझी आडवी, करंगळीकडची. तेरा लिही." मी लिहिले. दुपारी जेवायला घरी आले तर त्यांनी नळी ओतलीच नव्हती, मला बघायला मिळावी म्हणून नरसाळं काढून, वाटीने झाकून खिडकीत उभी करून ठेवली होती. १२.८.