मे महिन्याचं बिल दाखवून केलेली 'बचत'

परवा शेजारच्या तालुक्यातल्या एका कॉलेजातून फोन आला. "सर, एक्झॉस्टचं काम करणाऱ्याने तुमच्या सहीचं समाधानपत्र दाखवलंय. काम कसं झालं?" कसं झालं ते सगळ्यांसाठीच लिहितो.

आमच्या विज्ञान इमारतीत केमिस्ट्री लॅबचे फ्यूम हूड (विषारी वाफा ओढून घेणारी काचेची कपाटं) गच्चीवरच्या एकाच ब्लोअरला जोडलेले. साडेसात एचपीची मोटर, प्रॅक्टिकल असो-नसो, दिवसभर घरघरायची. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची भेट तोंडावर आली होती आणि वीजबचतीच्या रकान्यात लिहायला एलईडी दिव्यांपलीकडे काही नव्हतं. ठेकेदाराने कोटेशनमध्ये आयई-३ दर्जाची, म्हणजे कमी वीज खाणारी नवी मोटर आणि व्हीएफडी, म्हणजे विजेची हर्ट्झ बदलून मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह, धरला. त्याचं गणित बरोबरच होतं. पंख्याचा वेग उतरला की लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात उतरते. ५० ऐवजी ४० हर्ट्झवर चालवला तर जवळपास निम्मी. फिजिक्सवाल्यांनीही मान डोलावली.

एप्रिलअखेर काम झालं. जूनमध्ये गडी पेढे घेऊन आला, फेब्रुवारी आणि मेची बिलं शेजारी-शेजारी मांडली. मेचं बिल निम्म्याहून कमी! मी सही केली, राखून ठेवलेली रक्कमही सुटली. मेमध्ये कॉलेजला सुट्टी असते हे २८ वर्षं तिथंच शिकवणाऱ्या मला सुचलं नाही. ब्लँक रीडिंग, म्हणजे तुलनेसाठीचं नमुन्याशिवायचं रीडिंग, घेतलं नाही म्हणून पोरांचे गुण कापणारा मीच.

उघडकीला आणलं लॅबमधल्या मामांनी. हवा ओढली जातेय का बघायला ते हूडच्या काचेला टिश्यूची पट्टी चिकटवतात. पॅनेलवर ४० दिसो की ३०, पट्टी तेवढीच फडफडते, म्हणाले. वायरमनने टाँग टेस्टर, म्हणजे वायरभोवती अडकवून करंट मोजायचा चिमटा, लावला. ड्राइव्हवर आकडा बदलत गेलो तरी अँपिअर जागचे हलेनात. पॅनेल उघडलं तर ड्राइव्हच्या आउटपुटला वायरच नाही. मोटर बायपासवरून, ड्राइव्हला वगळून थेट चालत होती, ड्राइव्ह नुसता हर्ट्झ दाखवत बसला होता. मग मोटरचा चकचकीत रंग खरवडला. खाली आमचाच डेडस्टॉक नंबर, म्हणजे कॉलेजच्या मालमत्ता नोंदवहीतला नंबर, निघाला. जुनी मोटर रिवाइंड करून, नवी नेमप्लेट ठोकून आम्हालाच विकली होती.

असं काम काढलंत तर ब्लोअरला आधी वेगळा सबमीटर बसवा. ऐन प्रॅक्टिकलच्या आठवड्यातले युनिट लिहून ठेवा, काम झाल्यावर तेवढ्याच बॅचेसच्या आठवड्यातले पुन्हा घ्या. अख्ख्या इमारतीचं बिल पुरावा म्हणून धरू नका. काढलेली मोटर स्टोअरमध्ये जमा झाल्याशिवाय बिल पास करू नका, आणि नवीचा सिरियल नंबर कंपनीकडून पडताळून घ्या. वेग कमी कराल तेव्हा हूडच्या तोंडाशी हवा सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास राहतेय ना, तेही मोजा. बचतीपायी ब्रोमीन नाकात जायला नको.

ड्राइव्ह आम्हीच जोडून घेतला, तासाभराचं काम. मोटरबद्दल प्राचार्यांनी नोटीस पाठवली होती. उत्तर एका ओळीचं आलं, सोबत माझ्या समाधानपत्राची झेरॉक्स.