अध्ययन अक्षमतेची तपासणी: पालिकेचं रुग्णालय की खाजगी?

धाकट्या जावेचा मुलगा सहावीत आहे. तोंडी सगळं येतं, पण वहीत ‘कमल’चं ‘कलम’ होतं. शाळेने अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन-गणित अडतंय का याची, तपासणी करून आणायला सांगितलंय. जाऊबाईंचा प्रश्न: मुंबईत शीवला (सायनला) पालिकेच्या रुग्णालयात जायचं की खाजगी मानसशास्त्रज्ञाकडे?

चाचण्या साधारण त्याच. आधी डोळे-कान, मग बुद्ध्यांक, मग वाचन-लेखन-गणित. केंद्राच्या 2018च्या नियमांत बुद्ध्यांक 85च्या वर असेल तरच पुढची चाचणी, आणि प्रमाणपत्र वयाच्या 8 वर्षांनंतरच, अशी अट होती. खर्चाची तर तुलनाच नको: पालिकेत नाममात्र, खाजगीत हजारोंत. वेळेच्या बाबतीत मात्र खाजगी सरस. पालिकेत तारखा, फेऱ्या, शाळेचं पत्र, जुन्या वह्या, शिवाय आईबापांपैकी एकाची रजा.

खरी मेख कागदाची आहे. दहावीला जादा वेळ किंवा लेखनिक हवा असेल, तर राज्य मंडळाला शासनमान्य रुग्णालयाचंच प्रमाणपत्र लागतं. खाजगी अहवाल कितीही जाडजूड असो, तिथे भागत नाही.

मुलाचं नेमकं कुठे अडतंय ते कळून विशेष शिक्षिकेकडे लगेच शिकवणी लावायची असेल, तर खाजगी बरं. सवलती हव्यात तर पालिकाच, आणि नववीची वाट न बघता आत्ताच नंबर लावावा.