बायोप्सी छान केली, खाजेचं मात्र तुमचं तुम्ही बघा

सेंटरचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, पुण्यात डेक्कनच्या आसपासचं आहे एवढंच. ५ पैकी ३ स्टार.

सोनोग्राफीत स्तनात गाठ दिसली, रिपोर्टवर बायरॅड्स ४ (गाठ संशयास्पद), म्हणजे सुईने तुकडा काढून तपासायचा, बायोप्सी करावीच लागणार. त्या दिवसाची काहीच तक्रार नाही हां. डॉक्टर बाईच होत्या, भुलीचं इंजेक्शन चुणचुणलं तेवढंच. सिस्टर आधीच म्हणाल्या, "ताई, स्टेपलरसारखा टक् आवाज येईल, दचकू नका" (काकू नाही म्हणाल्या, एक स्टार त्याचाच). टाका नाही, १० मिनिटं दाबून धरलं, वर चिकटपट्टी आणि चला घरी. रिक्षात मात्र प्रत्येक स्पीडब्रेकरला पर्स छातीशी घट्ट धरून बसले होते.

रिपोर्ट फायब्रोॲडिनोमा आला, साधी गाठ, सुटले. पण चौथ्या दिवसापासून जी खाज सुटली ना, ती पण अशा जागी की ऑफिसात खाजवायची सोय नाही, पीएमपीच्या बसमध्ये तर नाहीच, रात्री झोपेत हात तिथेच. सेंटरने दिलेल्या कागदावर ताप, पू, रक्त, सूज सगळं छापलंय, खाज हा शब्दच नाही. ३ वेळा फोन केला, ३ वेळा "नॉर्मल असतं मॅडम". अहो पण किती दिवस नॉर्मल?

शेवटी आमच्या सर्जनकडे गेले. त्यांनी बघितल्या बघितल्या सांगितलं, लाल चट्टा बरोब्बर पट्टीच्या आकाराचा चौकोनी आहे, चिकटपट्टीची ॲलर्जी. पट्टी काढली, त्यांनी दिलेलं क्रीम लावलं, आठवड्यात चट्टा गेला. आतली खाज आणि मधेच येणारी कळ मात्र पुढे ३ आठवडे होती, जखम भरताना आणि दुखावलेल्या नसा सावरताना असं होतं म्हणाले. आणि हेही सांगितलं की निप्पललाच खाज येऊन साल निघायला लागली आणि ते जातच नसेल तर अंगावर काढू नका, लगेच दाखवा, तो प्रकार वेगळा. हे त्या कागदावर नको का?

तुळशीबागेतून पुढून हुक असलेल्या साध्या कॉटनच्या २ ब्रा आणल्या, लेसवाल्या कपाटात टाकल्या, त्यानेही फरक पडला.

तिथे जाणार असाल तर बॅंडेडने पुरळ येतं का ते पट्टी लावायच्या आधीच सांगा, तिथल्या सिस्टर आपणहून विचारत नाहीत. पार्किंग नाही, पण येताना गाडी चालवायचीच नाहीये.