एल्डन रिंग: थोरली तलवार, कटाना की काठी?

'एल्डन रिंग' हा व्हिडिओगेम सुरू केला की दहा क्लास समोर येतात, आणि नवा खेळाडू बहुतेक वेळा चिलखताचा रंग बघून निवडतो. त्याने फार बिघडत नाही. क्लास म्हणजे फक्त सुरुवातीचे आकडे आणि हातातलं पहिलं शस्त्र. व्हॅगबॉन्ड या तलवारवाल्या क्लासने पुढे जादू शिकायची नाही असा काही नियम नाही. खरा निर्णय वेगळाच आहे. बॉसचा वार तुम्ही चुकवलात, आता हाताशी जेमतेम एक सेकंद आहे. त्या सेकंदात एकच जोरदार घाव घालावासा वाटतो, तीन-चार चपळ वार करावेसे वाटतात, की मुळात त्याच्या तलवारीच्या टप्प्यातच नसावं असं वाटतं? या उत्तरावर बिल्ड, म्हणजे शस्त्र आणि पॉइंटांची मांडणी, ठरते. कुठला बिल्ड सगळ्यात ताकदवान, या प्रश्नाचं उत्तर दर पॅचला बदलत आलंय. तुमच्या बोटांची सवय मात्र पॅचने बदलत नाही.

आधी थोरली तलवार, कटाना आणि काठी या तिन्ही बिल्डना लागू असलेली गोष्ट. 'माझा बिल्ड चालत नाही' अशी तक्रार करणाऱ्याचा स्टेटस उघडून बघा, दहापैकी आठ वेळा व्हिगर (एचपी, म्हणजे जीव, ठरवणारा आकडा) पंधराच्या आसपास सापडेल. व्हिगर 15 म्हणजे 522 एचपी, 25 ला 800, 40 ला 1450 आणि 60 ला 1900. म्हणजे 25 ते 40 या पंधरा पॉइंटांत 650 एचपी मिळतात आणि 60 च्या पुढे 99 पर्यंत जाऊनही जेमतेम दोनशे. सबब सुरुवातीच्या स्टॉर्मव्हेल किल्ल्यापर्यंत 20-25, मधल्या टप्प्यात 40 आणि शेवटी 60 हा हिशोब तलवारवाल्यालाही लागू आणि जादूगारालाही. दुसरं म्हणजे, सुरुवातीला डॅमेज वाढतं ते शस्त्राच्या प्लसने (शस्त्र सुधारलं की नावापुढे येणारे +1, +2), लेव्हलने नाही. स्ट्रेंग्थमध्ये पाच पॉइंट ओतून जे मिळत नाही ते +3 ची तलवार देते. चर्च ऑफ एलेच्या ठोकळ्यावर +3 पर्यंतच काम होतं, त्यापुढे राउंडटेबल होल्डच्या ह्यूग लोहाराकडे जावं लागतं.

आता थोरली तलवार. नावच 'ग्रेटसोर्ड', वजन 23, स्ट्रेंग्थ (ताकद) 31 आणि डेक्स (चपळाई) 12 लागते. आकडा बघून घाबरू नका. दोन्ही हातांत शस्त्र धरलं की गेम स्ट्रेंग्थ दीडपट धरतो, म्हणून 21 पुरते. व्हॅगबॉन्ड 14 वर सुरू होतो, म्हणजे सात लेव्हल. त्याची डेक्स 13 असल्याने तिकडे काहीच घालायचं नाही. तलवार कॅलिडमध्ये कॅलेम अवशेषांजवळच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या गाड्याच्या पेटीत आहे. बॉस न मारता टॉरेंट या घोड्यावरून जाऊन आणता येते. या दीडपटीचा फायदा शेवटपर्यंत टिकतो. 54 ची 81 होते, 66 ची 99. स्टॉर्मव्हेल किल्ल्यात आयर्न व्हेटब्लेड मिळालं की हेवी अ‍ॅफिनिटी (शस्त्राचा मारा स्ट्रेंग्थवर वाढवणारा प्रकार) लावायची आणि डेक्स विसरून जायची.

हा 'एक घाव दोन तुकडे' खेळ आहे, पण घाव घालायला वेळ लागतो. उचललेली तलवार मध्येच थांबवता येत नाही. मोबदल्यात दोन गोष्टी मिळतात. वार चालू असताना छोट्यामोठ्या फटक्यांनी हात थांबत नाही, आणि शत्रूचा स्टान्स (तोल) झपाट्याने मोडतो. स्टान्सची पट्टी दिसत नाही आणि थोडा वेळ फटका बसला नाही तर ती पुन्हा भरू लागते. म्हणून दर संधीला एक उडी मारून जड वार, किंवा मोठी संधी असेल तर दाबून धरलेला जड वार, एवढंच करायचं. बॉस गुडघ्यावर आला की पुढ्यात जाऊन क्रिटिकल, म्हणजे हुकमी मोठा वार. कीबोर्डवर जड वार शिफ्ट धरून डावं क्लिक असा आहे. घाईत शिफ्ट निसटतं आणि हलका वार जातो. हे वारंवार होत असेल तर ते बटण बदलून घ्या.

इथे दोन चुका ठरलेल्या. पहिली हाव: एक वार बसला, अजून एक बसेल असं वाटतं, स्टॅमिना संपतो आणि रोल (वार चुकवायची कोलांटी) निघत नाही. हिरव्या पट्टीत एका रोलपुरतं कायम शिल्लक ठेवायचं. दुसरी चूक वजनाची. व्हॅगबॉन्डचं मूळ चिलखत आणि ही तलवार एकत्र घातली की वजन 70 टक्क्यांच्या वर जातं आणि रोल धपकन पडल्यासारखा होतो. एन्ड्युरन्स (वजन पेलायचा आकडा) वाढेपर्यंत वजन 70 टक्क्यांखाली येईल इतकं चिलखत उतरवा, दिसायला कसंही दिसो.

कटानावाल्याला शोधाशोध नाही. सामुराई उचिगाताना घेऊनच येतो, वजन 5.5, सोबत लांब धनुष्य. तिन्ही सुरुवातींत ही सगळ्यात सोपी, यात वाद नाही. उचिगातानाचं 'अनशीद' कौशल्य म्हणजे तलवार म्यानात घालून एकदम ओढलेला वार. त्याचा जड प्रकार कटानाच्या मानाने स्टान्स चांगला हलवतो, म्हणून घाईघाईत बदलू नका.

पण लोक कटाना घेतात ते रक्तस्रावासाठी. दर वाराने शत्रूची ब्लीडची पट्टी थोडी भरते, भरली की एकूण एचपीच्या टक्केवारीत मोठा लचका तुटतो. टक्केवारीत असल्यामुळे जितका बॉस मोठा तितका लचका मोठा. थेंबे थेंबे तळे साचे, पण हे तळं गळकं आहे. वार थांबले की पट्टी उतरते, आणि प्रत्येक स्फोटानंतर पुढची पट्टी भरायला जास्त वार लागतात. म्हणजे हा बिल्ड चिकटून राहणाऱ्याचा. वार चुकवताना मागे पळणारा हात असेल तर ब्लीड अर्धवट भरतं आणि वाया जातं. बॉसच्या कुशीत, म्हणजे त्याच्या हाताच्या आतल्या बाजूला, रोल करायची सवय लागेपर्यंत हा बिल्ड निम्माच चालतो.

आता घोळ कुठे होतो ते. 'ब्लीड म्हणजे आर्केन हा आकडा' असं ऐकून लोक साध्या किंवा कीन (डेक्सकडे झुकणाऱ्या) उचिगातानावर आर्केन वाढवत बसतात. काहीही होत नाही. या शस्त्राचं ब्लीड आर्केनने वाढायला ब्लड किंवा ऑकल्ट अ‍ॅफिनिटी लावावी लागते. ब्लड लवकर हवी असेल तर लिमग्रेव्हच्या फोर्ट हेटमधल्या नाइटकडून 'ब्लडी स्लॅश' हे शस्त्रावर लावायचं कौशल्य मिळतं. ते लावलं की अनशीद जातं, हा सौदा समजून करा. त्याआधी सगळे पॉइंट व्हिगर आणि डेक्समध्येच.

दोन हातांत दोन कटाना हा पुढचा मोह. दुसरी उचिगाताना स्टॉर्महिलच्या डेथटच्ड कॅटाकॉम्ब्समध्ये आहे आणि दोन्हींचा एकत्र वार खरोखर भयंकर असतो. खर्चही बघा. दर तीन प्लसला त्या पायरीचे 2, 4 आणि 6 असे शस्त्र सुधारायचे बारा दगड लागतात. +24 पर्यंत एका तलवारीला 96, वर शेवटचा एन्शंट ड्रॅगन दगड. दोन तलवारींना सगळंच दुप्पट. शिवाय ढाल गेली आणि स्टॅमिनाही भराभर जातो. पहिल्या खेळात एकच कटाना +25 कडे न्यावी, दुसरीचा विचार दगड विकत मिळू लागल्यावर.

काठीवाल्याचा हिशोब निराळा. अ‍ॅस्ट्रॉलॉजर हा जादूगार क्लास इंट (इंटेलिजन्स, जादूचा आकडा) 16 ने सुरू होतो, फक्त दोन पॉइंट घालून 18 केले की मिटिओराइट स्टाफ वापरता येते. कॅलिडच्या एओनियाच्या दलदलीत स्ट्रीट ऑफ सेजेस अवशेष आहेत, काठी तिथेच आणि 'रॉक स्लिंग' हा मंत्रही तिथेच, त्यालाही इंट 18. दलदलीत पायी रेंगाळलात तर स्कार्लेट रॉट (जीव कुरतडणारा रोग) भरतो, म्हणून घोड्यावरून जाऊन कामापुरतं उतरा. या काठीला अपग्रेडच होत नाही, पण इंट स्केलिंग (इंटसोबत मारा वाढायचं प्रमाण) सर्वोच्च, एस दर्जाचं आहे आणि रॉक स्लिंगसारख्या गुरुत्वाच्या मंत्रांना ती वेगळी चढ देते. दगडांचा एकही तुकडा न खर्चता खेळाचा पहिला मोठा भाग निघतो. तलवारवाले खाणी धुंडाळत असताना जादूगार पुढे गेलेला असतो, तो यामुळे.

दुरून डोंगर साजरे, पण पहिला मोठा बॉस मार्गिट दुरूनही साजरा नाही. तो फ्लास्क (औषधाची बाटली) उचलताना बघतो आणि खंजीर फेकतो. मंत्र टाकायला उभे राहिलात की उडी मारून येतो. अ‍ॅस्ट्रॉलॉजरचा व्हिगर 9, एचपी 396, त्यामुळे तलवारवाल्याला जी चूक परवडते ती याला परवडत नाही. तेव्हा पहिल्या वीस लेव्हलमध्ये इंटइतकेच पॉइंट व्हिगरला द्या. इंट 60 आणि मग 80 हे टप्पे खूप पुढचे. लाल (एचपीचे) आणि निळे (मंत्रांसाठीचे) फ्लास्क एकाच साठ्यातून वाटून घ्यायचे असतात. बॉसआधी तीन निळे घेतले म्हणजे तीन लाल गेले. स्पिरिट अ‍ॅशचा, म्हणजे मदतीला बोलावलेल्या आत्म्यांचा, सगळ्यात जास्त उपयोगही यालाच. असल्या लांडग्यांकडे बॉस वळला की तेवढ्यात दोन मंत्र निघतात.

तिघांना एकाच दारात उभं करून बघायचं तर राया लुकारिया क्रिस्टल टनेलचा बॉस क्रिस्टॅलियन घ्या. त्याला मारलं की मिळणारी घंटा राउंडटेबलवर देऊन पहिल्या दोन पायऱ्यांचे दगड हवे तितके विकत घेता येतात. याचं अंग स्फटिकाचं, स्टान्स पहिल्यांदा मोडेपर्यंत वार नुसते खणखणतात. कटाना इथे सगळ्यात केविलवाणी. पातं घसरतं आणि स्फटिकात रक्त कुठून येणार? जादूगाराचे नेहमीचे निळे खडेही फुसके ठरतात, पण रॉक स्लिंगचे दगड भौतिक मारा करतात आणि त्याला वाकवतात. छत बुटकं असेल तर ते दगड वरच आदळून फुटतात, म्हणून मोकळ्या जागेत ओढून घ्या. थोरली तलवारवाला तीन-चार उडीच्या वारांत स्टान्स मोडतो आणि त्यानंतर लढाई संपल्यातच जमा. कटानावाल्याने या एका खोलीसाठी कुठलीही गदा +3 करून जवळ ठेवावी, क्रिस्टॅलियनला आघाती मार चांगला लागतो.

बाजू उलटतातही. रेनाला या बॉसवर जादू कमी चालते, तिथे काठीवाल्याने उजव्या हातात धारदार काहीतरी ठेवावं. मलेनिया या बॉसला रक्तस्राव होतो, तिचा स्टान्सही हलका, पण तिचा वार ढालीवर झेलला तरी तिचे एचपी भरतात. म्हणून ढालीआडून खेळणाऱ्याचे इथे वांधे होतात आणि मंत्र ती शांतपणे चुकवते. शेवटचा बॉस एल्डन बीस्ट, त्याला रक्तस्राव होतच नाही आणि तो मैदानभर पळवतो. तिथे काठीवाला निवांत, बाकी दोघे धावपळीत.

फेथचा (श्रद्धेवर चालणाऱ्या मंत्रांचा) बिल्ड यात मुद्दाम घेतला नाही. 'फ्लेम, ग्रँट मी स्ट्रेंग्थ'सारखे मंत्र फेथ 15 वर चालतात, त्यांची मजा तलवारीच्या जोडीला येते. पहिल्या खेळात दोन आकडे सांभाळणं मात्र जड जातं. 2024 च्या जूनमध्ये आलेल्या 'शॅडो ऑफ द एर्डट्री' या जोडभागासाठी वेगळा बिल्ड लागतो असंही नाही. तिथे ताकद वाढवणारे स्कॅडूट्री ब्लेसिंगचे तुकडे गोळा केले नाहीत तर तिघेही सारखाच मार खातात.

मग घ्यायचं काय? एका जागी थांबून बॉसची चाल वाचायला आवडत असेल आणि दहा वेळा मरून अकराव्यांदा एकच नेमका घाव घालायची तयारी असेल, तर व्हॅगबॉन्ड आणि थोरली तलवार. बोटं चपळ आणि धीर कमी असेल तर सामुराई. नकाशा फिरून वस्तू जमवायची हौस असेल तर अ‍ॅस्ट्रॉलॉजर, पण पहिला बॉस गाठायच्या आत ती काठी आणाच. तरीही दोन मनं असतील तर सामुराईने सुरुवात करा. राया लुकारिया अकादमीत रेनालाला हरवल्यावर लार्व्हल टिअर नावाची एक वस्तू देऊन सगळे पॉइंट नव्याने वाटता येतात. हे टिअर मोजकेच असतात आणि कुठलाही आकडा मूळ क्लासच्या खाली नेता येत नाही. म्हणजे सामुराईची डेक्स 15 कायम राहते. काठीकडे वळलात तरी ते पॉइंट अगदीच वाया जात नाहीत. गेल टनेलच्या मॅग्मा वर्मकडून मिळणाऱ्या मूनव्हेल कटानाला स्ट्रेंग्थ 12, डेक्स 18 आणि इंट 23 लागते. सामुराईची स्ट्रेंग्थ मुळातच 12 असते. उरले डेक्सचे तीन आणि इंटचे चौदा पॉइंट.