फीओ के७ : संगणकावरचे संगीत हेडफोनपर्यंत नीट पोहोचवताना

विलंबित ख्यालाची सुरुवात ऐकण्यासाठी लॅपटॉपचा आवाज शंभरावर नेऊन ठेवायचा आणि तरीही तानपुऱ्याची जवारी कानांत पुरेशी भरायची नाही, हा अनुभव मी दोन वर्षे घेत होतो. माझ्याकडे सेनहायझरचा एचडी ६०० हा ३०० ओहम इम्पीडन्सचा (म्हणजे विजेच्या प्रवाहाला तेवढा अडथळा करणारा), उघड्या पाठीचा हेडफोन आहे आणि माझे बहुतेक ऐकणे संगणकावरूनच होते. या जोडीत नेमके काय कमी पडते हे समजून घेण्यात बराच काळ गेला. अखेर फीओ या चिनी कंपनीचा के७ हा डॅक आणि हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर एकाच पेटीत असलेला संच घेतला. आठ महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर हे परीक्षण लिहितो आहे.

डॅक म्हणजे संगणकातल्या आकड्यांचे विजेच्या लहरीत रूपांतर करणारा भाग, आणि अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे त्या लहरीला हेडफोन हलवण्याइतके बळ देणारा भाग. ही दोन्ही कामे प्रत्येक लॅपटॉपच्या आत होतच असतात, त्यामुळे बाहेरची पेटी घेण्याआधी आपल्या यंत्रात कोणता भाग अपुरा आहे हे तपासणे आवश्यक आहे. माझ्या बाबतीत अपुरे होते ते बळ. लॅपटॉपच्या हेडफोन सॉकेटमधून फार तर एक व्होल्टच्या आसपास दाब मिळतो असे धरले, तर ३०० ओहमच्या हेडफोनला साधारण ३.३ मिलिवॉट शक्ती मिळते. के७च्या ६.३५ मिमीच्या साध्या सॉकेटमधून याच हेडफोनला कंपनीच्या आकड्यांनुसार १३० मिलिवॉटपर्यंत शक्ती मिळू शकते. हा फरक सुमारे १६ डेसिबलचा आहे. सतत एकाच पातळीवर वाजणाऱ्या आजच्या चित्रपटगीतांना त्याची गरज भासत नाही, पण ज्या ध्वनिमुद्रणात आलापाची पातळी द्रुत तानांच्या तुलनेत फार खाली आहे, तिथे हे १६ डेसिबलच सगळे काही ठरवतात.

दुसरा मुद्दा आउटपुट इम्पीडन्सचा, आणि माझ्या मते त्याच्याकडे खरेदीदारांचे अकारण दुर्लक्ष होते. एचडी ६०० चे ३०० ओहम हे नाममात्र आहेत. खर्जात, १०० हर्ट्झच्या आसपास, त्याचा इम्पीडन्स ५०० ओहमच्या घरात जातो. अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा इम्पीडन्स मोठा असेल तर त्या भागात हेडफोनच्या वाट्याला दाबाचा अधिक हिस्सा येतो आणि डग्गा मूळ मुद्रणापेक्षा फुगलेला ऐकू येतो. कानात घालायच्या, एकाहून अधिक ड्रायव्हर (ध्वनी निर्माण करणारे घटक) असलेल्या काही इअरफोनचा इम्पीडन्स तर वरच्या पट्टीत झपाट्याने खाली-वर होतो, त्यामुळे त्यांचा स्वभावच बदलू शकतो. हेडफोनच्या इम्पीडन्सच्या एक अष्टमांशाहून अ‍ॅम्प्लिफायरचा इम्पीडन्स कमी असावा, असा एक प्रचलित ठोकताळा आहे. के७चा इम्पीडन्स खूपच कमी असल्याने बाजारातल्या जवळपास कोणत्याही हेडफोनच्या बाबतीत तो पाळला जातो.

आतल्या भागांविषयी थोडक्यात सांगतो. रूपांतरासाठी असाही कासेई या जपानी कंपनीच्या एके४४९३एस या दोन चिप आणि पुढे टीएचएक्स एएए ७८८+ या रचनेचे दोन अ‍ॅम्प्लिफायर अशी मांडणी आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये नोबेओका इथल्या असाहीच्या कारखान्याला मोठी आग लागली आणि जगभरच्या डॅक बनवणाऱ्यांना दुसऱ्या कंपन्यांच्या चिपकडे वळावे लागले. फीओलाही आपल्या आधीच्या के५ प्रो या संचाची वेगळ्या चिपची आवृत्ती काढावी लागली होती. २०२२ मध्ये आलेल्या के७मध्ये पुन्हा असाहीची चिप दिसली, याचे म्हणूनच अनेकांना अप्रूप वाटले. मला स्वतःला चिपच्या नावावरून आवाज ओळखता येत नाही, आणि नीट बांधलेल्या दोन डॅकमधला फरक समान पातळीवर सहज ओळखता यावा असे मी मानतही नाही.

हे नुसते मत राहू नये म्हणून घरी एक साधी चाचणी केली. कानाला जे जरा मोठे वाजते तेच अधिक चांगले वाटते, त्यामुळे पातळी समान केल्याशिवाय केलेली कोणतीही तुलना निरुपयोगी असते. मी ५० हर्ट्झचा स्थिर सूर वाजवून साध्या मल्टिमीटरने लॅपटॉप आणि के७ या दोन्हींचा एसी दाब सारखा करून घेतला. स्वस्त मल्टिमीटर याच कंप्रतेच्या आसपास विश्वासार्ह मोजतात, म्हणून हा सूर निवडला. मग डोळे मिटून बसलो आणि माझ्या मुलीने तिच्या मनाप्रमाणे हेडफोन एकदा लॅपटॉपला, एकदा के७ला लावला. मध्यम पातळीवर, एकाच मध्यलयीतल्या मुद्रणावर, माझी उत्तरे नाणे उडवून आली असती त्यापेक्षा फारशी सरस नव्हती. पातळी वाढवली तेव्हा मात्र चित्र पालटले. तबल्याच्या चाटीवरचा आघात लॅपटॉपवर चपटा होऊ लागला, आणि के७वर ती चाट आपल्या जागी, आपल्या धारेसह राहिली. संवेदनशील इअरफोन लावल्यावर तर शांत जागी लॅपटॉपची बारीक खरखर स्पष्ट ऐकू येत होती, तर के७च्या कमी गेनवर (म्हणजे लहरीला कमी पटीने वाढवणाऱ्या जागी) पार्श्वभूमी पूर्णपणे निःशब्द होती. तानपुऱ्याच्या दोन तारांमधली निःशब्दता ज्याला महत्त्वाची वाटते, त्याच्यासाठी हा लाभ मोठा आहे.

यंत्र जोडल्यावर खरे काम संगणकात सुरू होते. पेटी आणून जोडली आणि बाकी सगळे होते तसेच ठेवले, तर पैशांचा पुरेसा मोबदला मिळत नाही. विंडोजवर सगळ्या प्रोग्रॅमचे आवाज एकत्र मिसळून एकाच ठरलेल्या सॅम्पल रेटने, म्हणजे सेकंदाला ठरावीक नमुन्यांच्या दराने, बाहेर जातात, आणि फाइल त्याहून वेगळ्या दराची असेल तर तिचे वाटेतच रूपांतर होते. सीडीचा दर ४४.१ किलोहर्ट्झ आहे, तर यूट्यूबवरचा ओपस स्वरूपातला आवाज ४८ किलोहर्ट्झचा असतो. म्हणून आपले ऐकणे कुठून होते ते आधी पाहावे. जुन्या मैफिलींची मुद्रणे प्रामुख्याने यूट्यूबवर ऐकणाऱ्याने साउंड सेटिंगमधील अ‍ॅडव्हान्स्ड भागात २४ बिट, ४८००० हर्ट्झ ठेवावे, आणि स्वतःच्या सीडींवरून उतरवलेल्या फ्लॅक (दर्जा न घटवता आकार कमी केलेल्या) फाइल ऐकणाऱ्याने ४४१०० ठेवावे. ३८४ किलोहर्ट्झ उपलब्ध आहे म्हणून तोच दर निवडण्याने काहीही साधत नाही, उलट प्रत्येक फाइलवर अनावश्यक रूपांतर लादले जाते. ४४.१ किलोहर्ट्झच्या फाइलमध्ये तत्त्वतः २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो, आणि माझ्या वयाच्या माणसाच्या कानांना तेवढाही ऐकू येत नाही.

फाइल ऐकताना याहून चांगला मार्ग म्हणजे फूबार२००० सारख्या प्लेअरमधून वासापी या विंडोजमधल्या ध्वनिमार्गाचा एक्सक्लुझिव्ह मोड वापरणे. या मोडमध्ये प्लेअर मिक्सरला बाजूला ठेवून थेट डॅकशी बोलतो, फाइलचा दर आपोआप लागू होतो आणि मध्येच ईमेलची घंटाही वाजत नाही. मॅकवर ऑडिओ मिडी सेटअपमधून दर निवडता येतो. लिनक्सवर पाइपवायर या ध्वनिव्यवस्थेला परवानगी असलेल्या दरांची यादी दिल्यास तो दर बदलून घेतो. विंडोज १० च्या २०१७ मधील आवृत्तीपासून यूएसबी ऑडिओ क्लास २ चा ड्रायव्हर अंगभूत आहे, त्यामुळे के७ वेगळ्या ड्रायव्हरशिवायही चालतो. एसिओ (ध्वनिमुद्रणाचे प्रोग्रॅम वापरतात तो थेट ध्वनिमार्ग) हवे असल्यास कंपनीचा ड्रायव्हर घ्यावा लागतो. विंडोजमधली एन्हान्समेंट, म्हणजे आवाजावर आपोआप होणारी प्रक्रिया, बंद करून तिथला आवाज शंभरावर ठेवावा आणि पातळी के७च्या गोल बटणावरून कमी-जास्त करावी.

त्या बटणाभोवती दिव्याचे एक कडे आहे. ४८ किलोहर्ट्झ आणि त्याखाली ते निळे, त्यावर पिवळे आणि डीएसडी या वेगळ्या स्वरूपातली फाइल वाजताना हिरवे होते. सोय उपयुक्त आहे, पण ४४.१ आणि ४८ यांतला फरक तिच्यातून कळत नाही, आणि आपल्याला सर्वाधिक वेळा तपासायचा असतो तो नेमका हाच फरक. त्यासाठी मला प्लेअरच्याच खिडकीत पाहावे लागते. कड्याचा रंग बदलण्याऐवजी छोट्या पडद्यावर आकडा दाखवला असता तर मला ते अधिक आवडले असते.

स्पीकर जोडताना मला एका वेगळ्या अडचणीला तोंड द्यावे लागले. मागच्या आरसीए सॉकेटमधून स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असलेले स्पीकर जोडले आणि पंख्याच्या घुमण्यासारखा एक मंद, अखंड हम सुरू झाला. हेडफोनवर तो मुळीच नव्हता. लॅपटॉपच्या चार्जरची तीन पिनांची कॉर्ड काढली की तो थांबत असे, यावरून कारण उलगडले: चार्जर आणि स्पीकर वेगवेगळ्या भिंतींवरच्या सॉकेटमधून अर्थिंग घेत होते, आणि यूएसबी व आरसीए केबलमुळे त्या दोन अर्थिंगमधून एक वेटोळे पूर्ण होत होते. हेडफोनला स्वतःचे अर्थिंग नसते, म्हणून त्याच्यावर हा त्रास उमटत नाही. दोन्ही प्लग एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणल्यावर हम गेला. तेवढ्याने जात नसेल आणि संगणकाला ऑप्टिकल आउटपुट असेल तर के७च्या ऑप्टिकल इनपुटचा उपयोग करावा, कारण प्रकाशाच्या केबलमधून अर्थिंग जोडले जातच नाही. अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला काही जण देतात. तो जिवावर बेतणारा आहे आणि कोणीही मानू नये.

स्पीकर जोडणाऱ्यांनी समोरचा आउटपुट निवडण्याचा खटकाही समजून घ्यावा. लाइन आउटवर आवाज कायम पूर्ण पातळीने बाहेर जातो आणि गोल बटणाचा त्यावर परिणाम होत नाही, तर प्री या जागी बटणाने पातळी बदलते. स्पीकरवर वेगळे बटण नसेल तर प्री हीच योग्य जागा आहे.

४.४ मिमीच्या बॅलन्स्ड (डाव्या-उजव्या बाजूंच्या तारा पूर्ण वेगळ्या ठेवणाऱ्या) सॉकेटविषयी पुष्कळ लिहिले जाते. त्यातून ३२ ओहमच्या हेडफोनला २००० मिलिवॉटपर्यंत आणि ३०० ओहमला ५६० मिलिवॉटपर्यंत शक्ती मिळते असे कंपनी सांगते. एचडी ६०० ची केबल दोन्ही बाजूंनी सुटणारी असल्याने मी बॅलन्स्ड केबल लावून पाहिली. आवाज मोठा झाला, पण पातळी समान केल्यावर मला काहीही वेगळे ऐकू आले नाही. माझ्या खोलीत, माझ्या पातळीवर, साध्या सॉकेटची निम्मी शक्तीही कधी लागत नाही. केबलवर जास्तीचा खर्च करण्यापेक्षा कानाच्या गाद्या वेळेवर बदलाव्यात, त्याने आवाजात ऐकू येण्याजोगा फरक पडतो.

एवढी शक्ती हाताशी असताना सावधगिरीही बाळगायला हवी. प्रौढांनी आठवड्याला ४० तास, ८० डेसिबलपर्यंतच ऐकावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. संवेदनशील इअरफोनसाठी गेन नेहमी कमी ठेवावा, आणि हेडफोन कानावर चढवण्याआधी बटण खाली आणण्याची सवय लावून घ्यावी.

उणिवा सांगायच्या तर १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो, त्यामुळे हा संच प्रवासात नेण्यासारखा नाही. माइकची सोय नाही, रिमोट नाही, आणि साध्या के७मध्ये ब्लूटूथही नाही; ते हवे असेल तर के७ बीटी ही वेगळी आवृत्ती आहे. ३.५ मिमीचे सॉकेट नसल्याने इअरफोनसाठी ६.३५ मिमीची जोडपिन हाताशी ठेवावी लागते. बाजारात आला तेव्हा परदेशात त्याची किंमत सुमारे २०० डॉलर होती. आपल्याकडे ती आयातदारानुसार बदलते, म्हणून हमी कोण देणार हे खरेदीपूर्वी लेखी विचारून घ्यावे.

ज्याच्याकडे ३२ ओहमचा, सहज वाजणारा हेडफोन आहे आणि ज्याच्या लॅपटॉपमधून खरखर येत नाही, त्याला मी हा संच घ्यायला सांगणार नाही. माझ्या धाकट्या भावाने विचारले तेव्हा मी त्याला आधी चांगला हेडफोन घेण्याचा सल्ला दिला आणि सॅम्पल रेट व एन्हान्समेंट तेवढे त्याच्या घरी जाऊन नीट लावून दिले. माझ्या स्वतःच्या टेबलावर मात्र के७ राहील. आता विलंबिताची पहिली आवर्तने ऐकताना बटण अर्ध्यापर्यंतही न्यावे लागत नाही, आणि खर्जाच्या तारेवरची जवारी विरत जाताना शेवटपर्यंत ऐकू येते.